आंघोळीची डॉक्टरीण

रोहन, अनघा,

रविवारी फोनवर रोहनचा आवाज ऐकला तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलं आहे. आधी म्हणाला, ‘काही नाही आजी.’ मग म्हणाला, ‘तुला नाही कळायचं ते.’ मग न राहवून सांगितलंच. तरुण मेंदूतज्ज्ञांना चांगल्या संशोधनासाठी जे मोठं बक्षीस देतात, ते त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाला मिळालं, आणि पुढच्या वर्षी रोहन वयाच्या अटीत बसणार नाही. ‘संपलं,’ म्हणाला. तरण्याताठ्या माणसाने ‘संपलं’ म्हटलं तर आजीने हसू नये, म्हणून मी फोन ठेवला आणि मग हसले.

बाळा, मला ते कळतं. असलं एक बक्षीस आपल्या सांगलीच्या घराच्या न्हाणीपर्यंत येऊन परत गेलेलं मी पाहिलं आहे. तुम्ही दोघं तेव्हा फार लहान होता आणि तिकडे परदेशातच होता, त्यामुळे सुमन तुम्हाला माहीत नाही. ती माहीत असायला हवी. आज कपाट आवरून झालं आहे, हात मोकळे आहेत, तेव्हा लिहितेच. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं तर निम्मी सुमन बाहेर राहील. अनघाने अडेल तिथे आईला विचारावं.

डॉक्टर सुमन वाघमारे नव्वदीच्या दशकात आमच्याकडे राहायला आली. तुमचे आजोबा तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. सांगलीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मेंदूची नवी डॉक्टर आली आहे, तिला जागा हवी आहे, असा निरोप आला. माझ्या डोळ्यांसमोर चष्म्यातली, हळू बोलणारी बाई आली. प्रत्यक्षात आली ती लुनावरून, पायांत स्टोव्ह धरून, ओढणी मागे निशाणासारखी उडवत.

खोल्या तिने बघितल्याच नाहीत. ‘काकू, न्हाणीघर कुठाय?’

मला वाटलं, उन्हातून आली आहे, आंबली असेल. मी धुतलेला टॉवेल काढून दिला. तिने तो खांद्यावर टाकला, मागच्या अंगणातल्या न्हाणीत गेली, आमचा तांब्याचा बंब वरपासून खालपर्यंत न्याहाळला, आणि कोरड्या अंगाने बाहेर आली.

‘बंब झकास आहे. पाणी किती कडक काढता?’

‘यांना चटके बसेपर्यंत लागतं,’ मी म्हणाले.

झालं. ती आजोबांकडे वळली. ते ओसरीवर पेपर वाचत होते.

‘काका, रागावू नका. पहिला तांब्या कुठं ओतता?’

‘अं?’

‘आंघोळीला बसल्यावर. डोक्यावर, खांद्यावर का पायांवर?’

तुमच्या आजोबांना कुठलाही प्रश्न विचारला की ते खात्याला उत्तर द्यावं तसं देत. त्यांनी पेपरची घडी घातली. ‘आधी उजवा खांदा. मग डावा. मग मधोमध,’ त्यांनी कालव्याचं पाणी सोडल्यासारखं सांगितलं. सुमन ‘शाबास’ म्हणाली आणि सामान घेऊन वर गेली. आजोबा जिन्याकडे बघत राहिले. ‘इतकी वर्षं संसार झाला,’ ते म्हणाले, ‘हे तू मला कधी विचारलं नाहीस.’

सुमन आटपाडीची. तिचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. आटपाडीला पाणी म्हणजे काय ते तुम्हाला तिकडच्या नळाखाली उभं राहून कळणार नाही. ‘आमच्यात उन्हाळ्यात आंघोळ म्हणजे सण,’ ती म्हणायची, ‘आणि बघा, मी आंघोळीचीच डॉक्टर झाले.’ शांत असली की ती तुमच्या-माझ्यासारखं बोलायची. रागावली, हसली किंवा खूश झाली की आटपाडी बाहेर यायची. ती शांत फारशी नसे.

आता ही आंघोळीची डॉक्टर कशी झाली ते सांगते. तिच्याकडे फिट येणारे रोगी येत. त्या काळी, विशेषतः खेड्यात, कुणाला फिट आली की नाकाला कांदा लावायचे, नाहीतर चप्पल. आटपाडीकडच्या एका गावातून हौसाबाई नावाची एक बाई आपल्या मुलीला, छायाला, घेऊन आली. छाया गोरीगोमटी, बारावी झालेली, हसतमुख पोरगी. तिला फिट यायची ती फक्त शुक्रवारी. इतर कुठल्याही वारी नाही. गावाने निकाल लावून टाकला होता: शुक्रवार देवीचा, तेव्हा हे देवीचं वारं आहे. हौसाबाईने ओट्या भरल्या होत्या, उपास धरले होते. दवाखान्यात आली ती फक्त भावाने फार धरून बसल्यामुळे.

पुढचं संभाषण सुमनने मला इतक्या वेळा करून दाखवलं आहे की मी तिथे हजरच होते असं मला वाटतं.

‘शुक्रवारी काय काय करती गं तू?’

‘काय न्हाई. सकाळी न्हाते, मग देवाला जाते.’

‘न्हाते म्हंजे? डोक्यावरनं?’

‘व्हय. शुक्रवारी केस धुत्यात की.’

‘कोण वततं पाणी?’

‘मी वतते,’ हौसाबाई अभिमानाने म्हणाली. ‘चांगलं कडकडीत. भडाभडा.’

सुमन खुर्चीतून उठलीच म्हणे. ‘आवं मावशी, देवी काय फक्त न्हालेल्या बाईच्याच अंगात येती व्हय? पारोशीचं काय वाकडं हाय तिच्याशी?’

डोक्यावरून भराभर कढत पाणी ओतल्याने काही जणांना फिट येते. हा प्रकार कर्नाटकाकडे डॉक्टरांना ठाऊक होता. आमच्याकडे कुणी शोधला नव्हता, कारण कुणी आंघोळीबद्दल विचारतच नव्हतं. सुमन विचारू लागली. छायाला तिने औषध दिलं आणि सांगितलं: पाणी कोमट, हळूहळू, डोकं सगळ्यात शेवटी. छायाच्या फिट थांबल्या. मग सुमन वडूजपर्यंत हिंडली आणि गावोगावच्या देवीच्या वारांमागची न्हाणी हुडकून काढू लागली. कुठे मंगळवार, कुठे शुक्रवार, पुरुषांचा बहुधा रविवार.

शहरात मात्र तिचं हे विचारणं पचायला जरा जड गेलं. आमच्या शेजारच्या मालूताई हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्यांना सुमनने वाटीतली डाळ खाता खाता विचारलं, ‘मालूताई, तुम्ही न्हाताना डोकं पुढं झुकवता का मागं?’ मालूताई उठून गेल्या. पुढे महिनाभर त्या आमच्या फाटकावरून जाताना पदर डोक्यावर घ्यायच्या, जणू सुमन माडीवरून बघतेच आहे. ‘आंघोळीची डॉक्टरीण’ हे नाव त्यांनीच पाडलं. सुमनला ते इतकं आवडलं की फोन उचलला की ती तेच सांगायची.

तिच्या काही सवयी मला अजून दिसतात. कुठेही पाणी दिसलं की त्यात ती कोपर बुडवायची. बादलीत, घंगाळात, एकदा तर एका लग्नात पाहुण्यांचे पाय धुवायच्या तपेल्यात. भडंग खाताना ती शेंगदाणे वेगळे काढायची आणि शेवटी एकदम तोंडात टाकायची. मध्ये कुणी एक उचलला तर खरोखर चिडायची. आणि मेंदूबद्दल तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘मेंदू म्हणजे सासुरवाशीण. सगळं सोसतो, सोसतो, आणि मग एक दिवस भांडं पडल्याचं निमित्त होतं.’ मी म्हणायचे, हे इंग्रजीत सांगून बघ. ती म्हणायची, त्यांच्या सुना वेगळ्या राहतात, त्यांना कळायचं नाही.

तर बक्षीस. मेंदूच्या तरुण डॉक्टरांना देशभरातून निवडून ते दिलं जाई. निबंध पाठवायचा, मग निवडलेल्यांनी पुण्याला मोठ्या सभेत येऊन वाचायचा. सुमनची निवड झाली, आणि वयाच्या अटीप्रमाणे ते तिचं शेवटचंच वर्ष होतं. तिला ते बक्षीस हवं होतं. मुंबईत शिकत असताना तिला सगळे म्हणाले होते, सांगलीला जाऊन तू दुकान थाटशील, संशोधन विसर. तिला त्यांच्यासमोर त्या मंचावर उभं राहायचं होतं. हे ती लपवत नसे. आरशासमोर हार घालून घ्यायची तालीमसुद्धा करायची, स्वतःच्या ओढणीचा हार करून.

मी तिचं इंग्रजी बघत होते. सुमन इंग्रजी लुनाच्या वेगाने बोलायची, वळणावर ब्रेक न लावता. मी समोर बसून चमच्याने पेला वाजवायचे. एकदा वाजवला तर हळू, दोनदा वाजवला तर थांब. आजोबा प्रेक्षक. ते मध्येच ‘प्रश्न!’ म्हणून हात वर करत आणि कोयनेच्या पाण्याचं तापमान विचारत.

एका सकाळी तिच्या मुंबईच्या सरांचा फोन आला. तिचे ते आवडते गुरू. फोन आमच्या दिवाणखान्यात असल्याने मी ऐकू नये म्हटलं तरी ऐकलं. सर म्हणाले, काम उत्तम आहे, पण एक उणीव आहे. न्हाताना, म्हणजे प्रत्यक्ष फिट येत असताना, मेंदूचा आलेख घेतलेला नाही. परीक्षक तेच विचारणार. तो एक आलेख असेल तर बक्षीस दुसऱ्या कुणाला जाणार नाही.

म्हणजे कुणाच्या तरी डोक्याला तारा चिकटवायच्या, कढत पाणी ओतायचं आणि फिट आणवायची.

सुमनने कुणाला विचारलं नव्हतं. छाया तपासणीला आली होती, तिच्या कानावर हे कुठून तरी गेलं. तीच म्हणाली, ‘ताई, माझ्या डोक्यावर वता. एकदा यील आन जाईल. तुमचं बक्षीस हुकाया नगं.’ छायाचं लग्न वडूजला ठरत आलं होतं, ते ताईंमुळेच, असं ती मानत होती. सुमन ‘बघू’ म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर मला तो हार दिसला.

मग आमच्या अंगणात जे झालं, तसं सांगलीत पुन्हा झालं नसेल. दवाखान्यात न्हाणी नव्हती, म्हणून तिथलं आलेखाचं यंत्रच टेंपोत घालून आणलं. ते केवढं! कागदाची लांबच लांब पट्टी आणि शाईच्या सुया. त्याबरोबर यंत्र चालवणारा माणूस. पाणी आणि वीज एकत्र येणार म्हणून आजोबांनी सूत्रं हाती घेतली. यंत्र ओसरीवर, त्यावर छत्री, तारा न्हाणीच्या खिडकीतून आत. सगळ्यांच्या पायात रबरी चपला सक्तीच्या; हौसाबाई म्हणाली, न्हाणीत चप्पल घालणार नाही, लक्ष्मी जाती. तेव्हा तिला पाटावर उभं केलं. बंब पेटवला. छाया परकर बांधून पाटावर बसली, डोक्याभर चिकटवलेल्या तारा. ‘ताई, मी देवळातल्या घंटावानी दिसती का?’ म्हणाली आणि स्वतःच हसली. मी टॉवेल घेऊन दारात उभी होते. औषधं, सुई, सगळं तयार होतं. मालूताई भिंतीपलीकडे स्टुलावर उभ्या राहून तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांची तुळस दुसऱ्या बाजूला आहे.

‘तापलं का पाणी?’ सुमनने विचारलं.

‘चटके बसतायत,’ आजोबा बंबाजवळून म्हणाले.

तिने तांब्या भरून घेतला. छायाने डोळे मिटले आणि पाटाच्या कडा घट्ट धरल्या. हौसाबाई पुटपुटत होती, देवीचं काहीतरी.

सुमनने सवयीने शेजारच्या घंगाळात कोपर बुडवला. आणि तशीच उभी राहिली, कोपर पाण्यात.

‘वता की वो डॉक्टरीनबाई,’ हौसाबाई म्हणाली, ‘पोरीनं सोताहून म्हटलंय.’

‘मला सवय हाय ताई,’ छाया मिटल्या डोळ्यांनी म्हणाली.

‘सवय हाय म्हणती!’ सुमन एकदम ओरडली. ‘सवय मोडायला मी वर्षभर गोळ्या दिल्या का गं तुला? काका, गार पाणी आणा!’

‘किती?’

‘बादली आणा! दोन आणा!’

आजोबांनी विसावण घातलं. सुमनने पुन्हा कोपर घातला, अजून घाला म्हणाली, अजून घाला. मग ती स्वतः खाली बसली, साडी काष्टा मारल्यासारखी खोचून, आणि त्या मुलीला कोमट पाण्याने पायांपासून न्हाऊ घालू लागली. ओसरीवरून यंत्रवाल्याने हाक मारली, ‘मॅडम, सुया नुसत्या सरळ चालल्यात. कायच यीना!’

‘येऊ नये म्हणूनच चाललंय! कागद थांबवू नका!’

तिने छायाचं डोकं शेवटी घेतलं. चिकटवलेल्या तारा काढल्या, शिकेकाईने तो चिकटा धुतला, हळूहळू, एकेक बट. छाया डोळे उघडून बघत होती. ‘झालं?’ ती म्हणाली. ‘झालं,’ सुमन म्हणाली. ‘आणि आता मला भूक लागली.’

मायलेकी गेल्यावर सुमन मागच्या पायरीवर बसली. मी भडंग दिलं. तिने शेंगदाणे वेगळे काढायला घेतले. ‘काकू, गेलं बक्षीस,’ ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता नाक ओढलं. आजोबा शेजारी बसले आणि त्यांनी तिचा एक शेंगदाणा उचलून खाल्ला. त्या दिवशी ती चिडली नाही.

पुण्याला मी तिच्याबरोबर गेले. पहिल्या रांगेत बसायचा हुकूम होता. पेला वाजवता येणार नाही म्हणून चष्मा काढायची खूण ठरली. मला चष्मा काढावाच लागला नाही. इतकी सावकाश ती आयुष्यात कधी बोलली नसेल. शेवटी परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला: फिट येत असतानाचा आलेख कुठे आहे?

‘नाही माझ्याकडे,’ ती इंग्रजीत म्हणाली. ‘माझ्याकडे न्हातानाचा, पण फिट न आल्याचा आलेख आहे.’ आणि तिने ती कागदाची पट्टी उलगडून दाखवली. तिच्यावर शिकेकाईचे डागही होते. काही जण हसले. तिचे सर हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली. एक परीक्षक म्हणाले, ‘हा पुरावा होत नाही, डॉक्टर.’ ती म्हणाली, ‘मला ठाऊक आहे, सर.’

बक्षीस दिल्लीकडच्या एका गोड मुलाला मिळालं. त्याने उंदरांच्या मेंदूवर काम केलं होतं. सुमनने टाळ्या सगळ्यांत जोरात वाजवल्या, कारण टाळ्यासुद्धा तिला हळू वाजवता येत नसत.

आम्ही एसटीने परत निघालो. कात्रज गेलं, सातारा गेला, ती खिडकीबाहेर बघत होती. उंब्रजला गाडी चहाला थांबली. गरम वड्याचा तुकडा मोडता मोडता ती एकदम म्हणाली, ‘काकू, त्या उंदरांना न्हाऊ कोण घालत असेल हो?’ आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टर बघायला आला. मग तिने वडा खाली ठेवला. ‘मला ते हवं होतं काकू,’ ती म्हणाली. ‘लय हवं होतं.’

‘माहीत आहे,’ मी म्हणाले. रोहन, याहून अधिक काही तेव्हा बोलण्यासारखं नव्हतं, आणि तुलाही मी याहून अधिक काही सांगणार नाही. वाईट वाटायचं तेवढं वाटू दे.

छायाचं लग्न त्याच वैशाखात वडूजला झालं. फिटची गोष्ट सुमनने स्वतः जाऊन नवऱ्याकडच्यांना सांगितली होती. तरी हळद उतरायची आंघोळ होतीच, आणि त्या घरात सगळ्यांवर हुकूम चालायचा तो नवऱ्याच्या आत्याचा. आत्याबाई म्हणजे तोफ. चार कोपऱ्यांना तांबे मांडून सूत गुंडाळलं होतं, मध्ये छाया, आणि चुलाणावर पाणी उकळत होतं. सुमनने मला बरोबर नेलं होतं, ‘तुमचे पांढरे केस उपयोगी पडतील’ म्हणून.

‘कोमट पाण्यानं कुठं हळद निघती व्हय?’ आत्याबाईंनी सुनावलं. ‘तुमच्यात काय करत्यात?’

‘आमच्यात पांढरी साडी, बुद्धवंदना आणि हार,’ सुमन म्हणाली. ‘आंघोळ ज्यानं त्यानं घरून करून यायची. म्हणून तर आमच्यात भांडणं न्हाईत.’

मांडवात हशा पिकला. आत्याबाई हसल्या नाहीत, पण तांब्या त्यांनी सुमनच्या हातात दिला. ‘घाल बाई तूच. बघू तुझी हळद.’ सुमनने घातली. हळद निघाली.

त्यानंतर काही वर्षांनी त्याच घरातल्या धाकट्या मुलीच्या लग्नाला छायाने आम्हा दोघींना आग्रहाने बोलावलं. सुमनचं तोवर लग्न झालं होतं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे ती नागपूरला निघाली होती. ही आमची शेवटची भेट ठरणार, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. छाया कडेवर मूल घेऊन मिरवत होती. नवरी सूत गुंडाळलेल्या चौकोनात बसली होती, आणि थकलेल्या आत्याबाई खुर्चीत बसून तरण्या बायकांवर खेकसत होत्या:

‘आगं ये, गरम कशाला आनलंस? कोमट कर. पयल्यांदा पायांवर, मग खांद्यावर. डोस्कं शेवटाला! काय शिकवलंय का न्हाई आयांनी? आमच्या घरात पूर्वीपास्नं अशीच रीत हाय. माझ्या पणजीपास्नं.’

मी तोंड उघडलं. सुमनने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला.

‘गप बसा की काकू,’ ती कानात म्हणाली. ‘पणजीची रीत मोडता व्हय?’ आणि तिथेच, गर्दीत, तोंडावर पदर धरून ती गदगदा हसत राहिली. पदराच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते. ती मला अशीच दिसते.

नागपूरहून तिचे फोन येत. मागच्या वर्षी तिच्या मुलीचा आला, सुमन गेली म्हणून. ते बक्षीस तिच्या वर्षी कुणाला मिळालं, त्या मुलाचं नाव मला आठवत नाही. सुमनलाही आठवत नसे.

छायाशी परवाच बोलले. वडूजच्या त्या घरात, आणि त्यांच्या सोयरिकीच्या बऱ्याच घरांत, नवरीला आजही कोमट पाण्यानेच न्हाऊ घालतात. का, ते कुणालाही सांगता येत नाही.

तुमची,
आजी